गळका व्हॉल्व्ह

"अजून किती?" कीथने दारातूनच विचारलं.

"मोजत नाहीये," ज्ञानेश्वर म्हणाला.

लाल टॉर्चच्या उजेडात तो ट्रेमधली मेलेली अंडी चिमट्याने उचलत होता. जिवंत अंडं वाटाण्याएवढं, केशरी, मेलेलं पांढरंफटक. मेलेलं वेळीच काढलं नाही, तर बुरशी शेजारच्याला धरते. एरवी दिवसाला दहा-बारा निघायची. आज सहापैकी पाच ट्रे अख्खे पांढरे होते.

लीड्सपासून तासाभरावर, बंद गिरणीच्या तळघरात गावच्या मासेमारी क्लबने हे उबवणी केंद्र चालवलं होतं. गिरण्यांच्या घाणीने नदीतला सॅमन कधीच संपला होता. हल्ली कुठे चार मासे परतू लागले होते. त्यातल्याच तीन माद्यांची ही अंडी. परवान्याचं हे शेवटचं वर्ष. वसंतात पुरेशी पिल्लं नदीत सोडता आली, तरच तो वाढणार होता.

पायऱ्यांवर बसून कीथने गुडघा चोळला. क्लबचा हा सेक्रेटरी सत्तरीचा होता. "रविवारी संध्याकाळची पाळी माझी होती, डॅन. गुडघ्याचं निमित्त करून घरी बसलो. पानांनी जाळी तुंबून पाणी थांबलं असणार. मी कमिटीला तसं सांगून टाकतो."

ज्ञानेश्वर हे नाव आठ वर्षांत त्याच्या जिभेवर बसलं नव्हतं.

पानांचा काही संबंध नव्हता. रविवारी सकाळी जाळी धुवायला ज्ञानेश्वरने पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता. बाहेर त्याची मुलगी तनिषा हॉर्न वाजवत होती. "बाबा, कम ऑन! आई हॉलवर वाट बघतेय, सगळा तिळगूळ आपल्या कारच्या बूटमध्ये आहे!" तो तसाच हात पुसत पळाला. तीस वर्षं हॉस्पिटलचे पंप सांभाळलेला माणूस, आणि व्हॉल्व्ह उघडायचा विसरला! सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने तो गुपचूप उघडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अहो, पानांमुळे झालं असं वाटतंय ना त्यांना? वाटू द्या," नीना घरी म्हणाली होती. "या वयात कशाला शोभा करून घेता?"

बायकोचं म्हणणं त्याला पटलंही होतं. पण आता कीथ गुडघा चोळत बसला होता, आणि ते बघवेना.

"कीथ, व्हॉल्व्ह मी बंद ठेवला. विसरलो."

कीथने ट्रेंकडे पाहिलं.

"मग पहिला ट्रे कसा वाचला?"

"व्हॉल्व्ह गळतो. त्याची धार त्यातच पडते."

"तू नोव्हेंबरपासून दुरुस्त करणार होतास, तोच?"

"तोच."

कीथ हसला नाही. "एका ट्रेवर परवाना वाढत नसतो," तो म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. "किल्ली दे, डॅन."

ज्ञानेश्वरने किल्ली दिली. त्याला रडू आलं, पण हातातला चिमटा ओला होता आणि डोळे पुसायची सोय नव्हती. उरलेली पांढरी अंडी काढूनच तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कीथ लंगडत आला, तेव्हा ज्ञानेश्वर कोटाच्या खिशात चिमटा घेऊन बंद दाराशी उभा होता. कीथने कुलूप उघडलं आणि त्याला आधी आत जाऊ दिलं.