शकुबाईंचं बटण

सेनगावच्या सोयाबीन खरेदी केंद्रात पगारी माणसं दोनच होती. एक केंद्रप्रमुख देविदास आणि दुसऱ्या शकुबाई. शकुबाई झाडलोट करायच्या, चहा करायच्या आणि उरलेल्या वेळात देविदासच्या चुका काढायच्या. हमाल रोजंदारीवर येत. एवढ्यावर पुण्याच्या कंपनीचं उत्तम चाललं होतं. पण उत्तम चाललेलं बघवत नाही म्हणून तर हेड ऑफिस असतं.

२००९च्या हंगामाआधी पुण्याहून फर्मान निघालं. खरेदी, साठा, हिशेब सगळं एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, आणि ते चालणार भाड्यानं घेतलेल्या, कुठंतरी लांब असलेल्या मशीनवर. त्याला क्लाउड म्हणायचं. मशीन नेमकं कुठल्या गावात आहे हे पुण्यालाही ठाऊक नव्हतं. भाडं मात्र माणशी लागणार, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून जिल्ह्याच्या वाट्याला मोजकेच युजर आले. वर नियम असा, की एकानं मालाची नोंद करायची आणि दुसऱ्यानं माल तपासून मंजुरीचं बटण दाबायचं. दोन्ही कामं एकाच नावानं केली तर स्क्रीन लाल व्हायची आणि ट्रक जागचा हलायचा नाही.

आता दुसरा माणूस आणायचा कुठून? देविदासनं पुण्याला विचारलं. पुणं म्हणालं, "ॲडजस्ट करा." काय वाटेल ते करा, फक्त आम्हाला सांगू नका, असा त्याचा अर्थ. देविदासनं शकुबाईंचं नाव घातलं, हुद्दा लिहिला गुणवत्ता अधिकारी, आणि पासवर्ड ठेवला सेनगाव, पुढं एक-दोन-तीन. तो आधी देविदास म्हणून नोंद करायचा, मग त्याच खुर्चीत बसून शकुबाई व्हायचा आणि मंजुरी द्यायचा. मालाकडं बघायचं कुणाच्याच डोक्यात नसायचं. वसमत आणि औंढ्याच्या केंद्रांचीही हीच अडचण होती. त्यांनी फोन केला आणि देविदासनं पासवर्ड देऊन टाकला. म्हणजे चहा गाळता गाळता शकुबाई तीन तालुक्यांत माल पास करत होत्या, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

दिवाळीनंतर पुण्याहून आनंदाचा फोन आला. मंजुरीच्या कामात शकुबाई राज्यात पहिल्या आल्या होत्या. हेड ऑफिसचे साहेब स्वतः सत्काराला येणार होते आणि शकुबाईंचं काम डोळ्यांनी बघणार होते.

नाशिक, सोलापूर असं लांब लांब फिरल्यावर देविदासनं सेनगावची ही बदली मिळवली होती. इथून त्याचा तांडा जवळ. संध्याकाळी तो जीपमधून उतरला की लेकरं पळत यायची. खोटं उघडं पडलं असतं तर हे सगळं गेलं असतं, नोकरीसकट.

"मावशी, तुमी अधिकारी हायेत," तो कसाबसा म्हणाला.

"कवापासून?"

"दसऱ्यापासून."

"मंग मी झाडू काहून मारून राहिले?"

देविदासनं सगळं सांगितलं. शकुबाई आधी पोट धरून हसल्या आणि मग भडकल्या. "माझ्या नावानं एवढा कारभार, आन् मलाच इचारलं न्हाई?"

"चुकलं मावशी. तेवढी येळ निभावून न्या. माझी नोकरी जाईल."

"बसते मी खुर्चीत. पर खोटं बोलनार न्हाई, आधीच सांगते."

हे ऐकून देविदासला धीर आला की उरलासुरला गेला, हे त्याचं त्यालाच कळेना.

साहेब आले. त्यांच्याबरोबर निलम नावाची त्यांची असिस्टंट होती. ती आल्या आल्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली. शाल झाली, नारळ झाला, हमालांनी टाळ्या वाजवल्या. शकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून देविदासच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"आता एक मंजुरी करून दाखवा," साहेब कौतुकानं म्हणाले.

"मी न्हाई दाबत बटन."

"मग कोण दाबतं?"

"हे, देविदास."

साहेबांचा आवाज चढला. "म्हणजे तुमचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात? किती गंभीर गोष्ट आहे ही, कळतंय का?"

"कळलं की," शकुबाई म्हणाल्या. "आता तुमचं सांगा साहेब. तुमचं बटन कोन दाबतं?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि सवयीनं निलमकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. निलम त्या क्षणीही साहेबांच्या नावानं मंजुऱ्या देत होती. तिनं चटका बसल्यासारखं बोट काढून घेतलं. दारातला एक हमाल फिसकन हसला, मग दुसरा हसला, आणि साहेबांना खोकला आला.

"झालं ते झालं," खोकला आवरून ते म्हणाले. "पण आजपासून ज्याचा पासवर्ड त्यानंच वापरायचा. कुणालाही सांगायचा नाही. निलम, यांना बदलून दे." शकुबाई चौथी शिकलेल्या होत्या. निलमनं दाखवलं तसं त्यांनी एका बोटानं, पदराआड स्क्रीन धरून, नवा पासवर्ड घातला. साहेब जेवायलाही थांबले नाहीत.

गाडी गेली तशी देविदासनं शकुबाईंच्या पायालाच हात लावला. तेवढ्यात वसमतचा फोन आला. पासवर्ड लागत नव्हता आणि ट्रक उभे होते. लगेच औंढ्याचाही आला.

"मावशी, नवा पासवर्ड सांगा लवकर."

"कुनालाही सांगायचा न्हाई. साहेब बोलले तवा तुमी हुते की."

"मंग त्यांनी काय करायचं?"

"जीप पाठवा म्हनावं. येऊन माल बघते, मंग दाबते. अधिकारी हाय मी."

फाटकात ट्रॅक्टर उभा होता, देविदासचे सासरे गुलाबचंद यांचा. देविदासनं नोंद केली आणि हसून शकुबाईंकडं पाहिलं. शकुबाई उठल्या, बाहेर गेल्या आणि एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वर काढला तेव्हा हाताला दाणे चिकटले होते.

"अवकाळीत भिजलंय. वाळवून आना म्हनावं."

"मावशी, सासरे हायेत माझे! दरसाली असाच घेतो आपन."

"तुमचे सासरे. माझे न्हाई."

त्या आत येऊन पुन्हा त्याच्याच खुर्चीत बसल्या, चष्मा सारखा केला आणि एका बोटानं नामंजूरचं बटण दाबलं. स्क्रीन लाल झाली.

देविदासची नोकरी वाचली होती, यात शंका नव्हती. सासऱ्यांना सांगायला मात्र बाहेर त्यालाच जावं लागलं.