शेजारचा आकडा

सोडतीच्या दिवशी न्हाव्याचा हात थरथरतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी दाढीला यायची कुणाची छाती होत नसे. पण म्हातारे ड्रायव्हरमामा वार विसरले आणि खुर्चीत जाऊन बसले.

न्हाव्याची बायको धुतलेले टॉवेल घेऊन दुकानात आली, तेव्हा मामांच्या गळ्यावर वस्तरा होता आणि रेडिओवर लॉटरीची सोडत सुरू होत होती. तिनं टॉवेल तसेच बाकावर टाकले.

"अहो, एकतर दाढी करा, नाहीतर आकडे ऐका!"

"अगं, शेवटचं तिकीट. आज नाही लागलं तर पुन्हा नाव काढणार नाही. शब्द दिलाय ना?"

दिला होता खरा. म्हणून तर ती सकाळपासून देवाला विनवत होती, हरव रे बाबा यांना, चांगलं सपशेल हरव! आपल्याच माणसाची हार मागताना जीव चरकत होता. पण मागे एकदा थोडंसं लागलं होतं, आणि त्या थोड्याशानंच घर पोखरलं होतं.

पहिला आकडा जुळला. दुसराही. तिसऱ्याला वस्तरा हवेत थबकला आणि पुन्हा गळ्याला टेकला.

"सूनबाई," मामा ओठ न हलवता पुटपुटले, "याच्या नशिबाचं दार माझ्या गळ्यातून उघडतंय वाटतं."

चौथा जुळला. तिचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला आणि थांबला. बंद केला, तर शेवटचा आकडा आपलाच होता, असं हा माणूस मरेपर्यंत म्हणत बसेल. तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. नाडी नुसती उडत होती.

"शेवटचा आकडा... सात."

तिकिटावर आठ होता.

तिनं श्वास सोडला. ऐकलं बाई देवानं! पण नवऱ्याचा चेहरा तर उजळला होता.

"पाहिलंस? शेजारचाच आकडा! इतक्या जवळ येऊन कुणी परत फिरतं का?"

"आणि शब्द?"

"शब्द न लागण्याचा होता. याला काय न लागणं म्हणतात?"

तिनं त्याच्या बोटांतून वस्तरा काढून घेतला.

"अगं, मामांची दाढी अर्धी राहिलीय!"

"राहू दे बाबा, राहू दे," मामा फेसासकट उठले. "मान पूर्ण आहे, तेवढं पुरे."

"हात पुढे करा," ती नवऱ्याला म्हणाली. "हा थांबला की वस्तरा देते."

न्हाव्यानं हसत हसत हात पुढे केला. मग स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला. बोटं थांबतच नव्हती. तिनं वस्तऱ्यावरची मूठ सैल केली नाही. मनातल्या मनात तिनं देवाला पुन्हा हाक मारली, पण आता काय मागावं, हेच तिला सुचेना.