धुरपताबाईंनी चाखलं, मगच भरलं

परभणीला एमबीए करून मी सून म्हणून पालमला आले, तेव्हा आमच्या लाकडी घाण्याला साधी पाटीसुद्धा नव्हती. मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याचीच चीड येते.

गावातले लोक घरची करडई घेऊन यायचे आणि समोर बसून तेल काढून न्यायचे. सासूबाई, म्हणजे धुरपताबाई, आधी बी दोनदा चाळायच्या. डबा भरण्याआधी थेंबभर तेल तळहातावर घेऊन चाखायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "न्या." एकदा त्यांनी घरचं सगळं तेल नालीत ओतायला लावलं होतं. का, तर "जिभेला पटंना."

मला त्यात धंदा दिसला. गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं स्वस्ताईला, पुन्हा येतं ते भरवशाला. मग भरवसाच विकायचा. डब्यावर तळहातावरचं तेल चाखणाऱ्या सासूबाईंचा फोटो छापला, खाली एकच ओळ: 'धुरपताबाईंनी चाखलं, मगच भरलं.' दर आठवड्याला तसाच व्हिडिओ टाकला. दोन वर्षांत डबे पुण्या-नागपूरला जायला लागले. गावची करडई पुरेना, म्हणून आडतीवरून पोती आणली. चाळायला वेळ पुरेना, म्हणून चाळणी खुंटीला टांगली. ती मीच टांगली. "आत्या, शेवटी तुम्ही चाखताच की!"

गेल्या हिवाळ्यात तापातून उठल्यावर सासूबाई नासलेल्या दुधाचा चहा अख्खा प्यायल्या. कपाळाला आठी नाही. त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "भक्ती, मला चवच कळंना झालीय. माझा फोटू काढून टाक."

नेमकी त्याच आठवड्यात सगळ्यात मोठी मागणी आली होती. माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हणाले, "येईल हो चव परत. तोवर व्हिडिओपुरतं चाखा."

त्या चाखत राहिल्या. पण 'न्या' म्हणणं त्यांनी बंद केलं. व्हिडिओ हजारो लोक बघत होते, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

परवा दुपारी मागच्या गल्लीतल्या पंचफुलामावशी भिंतीला धरत धरत आल्या. त्या घाण्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. शेत बटईनं, वाट्यानं कसायला दिल्यापासून घरची करडई नव्हती, म्हणून आमचाच डबा न्यायच्या. चपला हातात होत्या, पाय त्यांत मावत नव्हते.

"धुरपता, महिना झाला, तेल कडवट लागायलंय. घरातल्या समद्यांचे पाय सुजल्यात."

"मग खाल्लं कशाला गं?"

"डब्यावर तू चाखायलीस न्हवं? मला वाटलं, माझीच जीभ बिघडली."

मी चाळणी काढली आणि उघड्या पोत्यातली करडई तिच्यात ओतली. पांढरी करडई वर राहिली. खाली मोहरीसारखं बारीक, काळं बी साचलं. सासूबाईंनी चिमूटभर बोटांवर चोळून बघितलं.

"पिवळा धोतरा," त्या म्हणाल्या. "हे पोटात गेलं की आधी पाय सुजत्यात. मग काळजावर येतं."

माझा नवरा हरिओम मावशींना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. मी गिऱ्हाइकांची यादी उघडली आणि पहिला नंबर स्पीकरवर लावला. पुण्याच्या बाईंचा होता.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात! डबा संपत आलाय, अजून दोन पाठवा. मुलांना मी तुमचंच तेल देते."

"ताई, घरात कुणाला काही त्रास?"

"छे हो. सासऱ्यांचे पाय जरा सुजलेत, पण त्यांचं वयच झालंय. आणि हो, याही वेळी आजींनी चाखलंय ना?"

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "मला चव कळत न्हाई. ते तेल कुणाला देऊ नका. सासऱ्याच्या पायावर अंगठा दाबून बघा, मग लेकरांच्या."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, मग पावलं वाजली. त्या बाई परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"धाकटीच्या पायाला खड्डा पडलाय, आजी. तो भरत का नाही?"