सागरकड्यावरचं सारवण

"शेठ, लावा की फोन," म्हणत गेणभाऊ पुन्हा उठला.

"अहो, बसा. तुमच्या उठबशीनं स्टूल मोडायचं माझं," भांड्यांच्या दुकानाचा मालक कन्हैयालाल हसला. "तळेघरची शेवटची गाडी गेली तुमची."

"जाऊ द्या. नारायणगावातच पडंन कुठं तरी."

बायको प्रयागबाई गेल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. तिचा आजारातला सुकलेला चेहरा तेवढा डोळ्यांपुढे यायचा. तरुणपणीचा येतच नव्हता. फोटो एकच, तोही म्हातारपणीचा. मुंबईत समुद्राकाठी 'सागरकडा' उभी राहत होती तेव्हा दोघं तिथं बिगारी होते. शहरात तेव्हा एवढी उंच इमारत दुसरी नव्हती. ती जशी चढायची तसा यांचा संसारही पत्रे, चूल घेऊन वरच्या मजल्यावर चढायचा. श्रीमंतांच्या आधी त्या घरांत हीच माणसं राहिली.

आता कन्हैयालालची मुलगी चेतना तिथं नांदत होती, आणि तिच्या घरातली उघडी गॅलरी उद्या काचेनं बंद होणार होती. ती आहे तशी एकदा दिसली तर प्रयागाही दिसेल, असं गेणभाऊनं मनात धरलं होतं.

व्हिडिओ कॉल लागला, चेतना दिसली. "नमस्कार काका! हे बघा, आमचा हॉल."

"ते ऱ्हाऊ दे, पोरी. गॅलरी दाव."

पडद्यावर मोकळा कोपरा आला. वारा घरभर फिरावा आणि पाऊस खोल्यांत येऊ नये म्हणून प्रत्येक घराचा कोपरा असा दोन मजले उंच उघडा सोडलेला होता.

"समद्या घरांना ही अशीच. आमची चूल हितंच असायची," गेणभाऊ म्हणाला. "सारवल्याबिगर भाकरी थापायची न्हाई, तुझी काकू म्हनली. तबेल्यातनं शेण आणून नवा सिमिट सारवला. इंजिनेर सायेब लई भडकला."

"मग?"

"मंग काय! ही म्हनली, सायेब, आधी चपला काढा."

कन्हैयालालचं पोट हसून हलायला लागलं.

"काकूंना समुद्र आवडत असेल ना?" चेतनानं विचारलं.

"छ्या! खाली बघितलं की गरगरायचं तिला. पाठ करून बसायची. पोरी, तशी बसशील? फोन भुईवर ठेव."

चेतनानं फोन भिंतीला टेकवला आणि पाठ समुद्राकडे करून बसली. मागे सूर्य बुडत होता. तिचं तोंड अंधारात गेलं. कानाची कड आणि वाऱ्यावर उडणारे चार केस तेवढे उजळले.

"अगं, लाइट लाव. तोंड दिसेना," कन्हैयालाल म्हणाला.

"नगं! लावू नगं," गेणभाऊ ओरडलाच.

अशीच. काम सुटल्यावर, चूल पेटवायच्या आधी, प्रयागा अशीच तांदूळ निवडत बसायची आणि अंधारातून बोलत राहायची. त्या तोंडाकडे त्यानं तेव्हाही कधी नीट पाहिलं नव्हतं. बघू की, रोजचीच आहे, असं वाटायचं.

कन्हैयालालनं पुढं केलेला चहा तसाच राहिला.

"काका, उठू का?" चेतनानं हळूच विचारलं.

"ऊठ, बाय. आता तिकडं तोंड कर. उद्या काच बसंल. बघून घे समुद्र."

चेतना वळली. गेणभाऊ फोन दोन्ही हातांत धरून तिच्या पाठीकडे बघत राहिला.