चाखून उरलेलं माझ्यात ओततात

मी एक जुना श्काफ आहे. श्काफ म्हणजे हॉपची बोंडं मोजायचं लाकडी माप. बिअरला कडूपणा आणि वास देणारी ही बोंडं आमच्या सावीन्या नदीच्या खोऱ्यात उंच वेलींवर लागतात. ती हिरवी आणि कागदासारखी हलकी असतात. मित्रांनो, माझ्या जातीचे बहुतेक श्काफ चुलीत गेले. काहींच्या पोटात माती भरून लोकांनी फुलझाडं लावली. मी वाचलो, आणि आज या टेबलाच्या टोकाला बसून तुमच्याशी बोलतोय, ते बिअरमुळे.

ज्याने मला घडवलं त्या कारागिराचं नाव मला कधी कळलं नाही. त्याने स्प्रूस झाडाच्या लाकडाच्या फळ्या तासल्या, एकमेकींना घट्ट भिडवल्या आणि वरून दोन लोखंडी कडी ठोकली. एकही खिळा मारला नाही. त्याच उन्हाळ्यात अंतोन नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं आणि मी थेट शेतात गेलो.

हॉपची तोडणी ऑगस्टच्या शेवटी सुरू व्हायची. पूर्वेकडच्या खेड्यांतून बायका यायच्या, वेली खाली ओढायच्या आणि ओळीने बसून बोंडं खुडायच्या. खुडलेली बोंडं माझ्यात भरली की अंतोन प्रत्येकीच्या हातावर मजुरीच्या हिशोबाचा पत्र्याचा बिल्ला ठेवायचा. बोंडं दाबून भरायची नाहीत, असा नियम होता. बायका नियम पाळायच्या, फार चांगला पाळायच्या. बोटांनी बोंडं अशी फुलवायच्या की अर्ध्या मालात मी काठोकाठ दिसायचो.

"मावशी, यात हॉप आहे की हवा?" अंतोन विचारायचा.

"हवा तुमच्याच शेतातली आहे ना? मग तक्रार कसली?" उत्तर यायचं आणि अख्खी ओळ हसायची.

मग अंतोन मला गुडघ्याने एकदाच ढोसायचा. एकदाच, जास्त नाही. बोंडं थोडी खाली बसायची. बाई आणखी दोन मुठी टाकायची आणि दोघांचंही समाधान व्हायचं. त्या बोंडांतली पिवळी, चिकट पूड माझ्या फळ्यांत मुरत गेली. शेतात एकच वाण होतं, जुनं गोल्डिंग. त्याचा वास मंद असतो. सुकलेलं गवत, लिंबाची साल आणि मागे कुठेतरी मिरी. माझ्यासाठी हॉपचा वास म्हणजे तोच. दुसरा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुढे तोडणीचं यंत्र आलं. वेली यंत्राच्या तोंडात जाऊ लागल्या आणि बोंडं काट्यावर तोलली जाऊ लागली. बायका यायच्या थांबल्या. मला माळ्यावर टाकलं. काही वर्षं माझ्यात बटाटे होते. एका कोंबडीने माझ्यात अंडी उबवली. ती सगळ्यात चांगली भाडेकरू. तिच्यानंतर कोणी आलं नाही. लाकूड सुकलं, फळ्यांमध्ये फटी पडल्या, वरचं कडं सैल झालं. माणसं खाली काय करतात याची मला फार उत्सुकता असायची, पण माळ्यावरून फक्त आवाज येत.

मला खाली आणलं अंतोनच्या मुलीने, पोलोनाने. तोवर अंतोन वारला होता आणि शेती ती बघत होती. हॉप सुकवायच्या जुन्या कोठारात तिने एक लांब टेबल मांडलं होतं. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तिथे तिचे मित्र जमायचे आणि बिअर चाखायचे. चाखायचे म्हणतोय, कारण पिणं वेगळं. ही माणसं पेल्यात बोटभर घेत, नाक खुपसून बसत, एक घोट घेत आणि मग त्यावर तासभर भांडत. घोट घेऊन उरलेलं ओतायला त्यांना एक भांडं हवं होतं. ते भांडं म्हणजे मी.

पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. सुकलेल्या फटींतून सगळी बिअर ओझ्बेयच्या बुटांवर गळली. ओझ्बेय बसचालक. युरोपभरचे बिअरचे मेळे हिंडलेला आणि ते दर वाक्यात सांगणारा.

"पोलोना, तुझ्या बापाने हेच माप लावून हॉप विकला असेल, तर गिऱ्हाईक बुडलं म्हणायचं," तो बूट झटकत म्हणाला.

"बूट तरी पहिल्यांदा धुतले गेले तुझे," पोलोना म्हणाली.

मला गुरांच्या हौदात बुडवून ठेवलं. पाणी पिऊन फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, आणि त्यानंतर माझ्यातून थेंब सांडलेला नाही. लाकडाला कामात ठेवलं की ते धड राहतं.

त्या टेबलावर मला जग कळलं. हॉपला पपनसाचा वास असू शकतो. आंब्याचा, पाइनच्या राळेचा, अगदी कांद्याचासुद्धा. लांबच्या देशांतून आलेल्या वाणांच्या बिअर माझ्यात पडायच्या तेव्हा मी थक्क व्हायचो. एकाच जातीच्या वेलीत एवढं सगळं कुठून येतं? माणसंही हेच विचारायची. म्हणून मला ती आवडू लागली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. कोठाराच्या मागचं शेत तेवढं अजून जुन्या गोल्डिंगचं होतं, अंतोनने लावलेलं. त्याच्या पिकाचा उतारा नव्या वाणांच्या निम्मा. वास मंद, त्यामुळे मागणीही कमी. रोपवाटिकेने पोलोनाला नव्या वाणाची रोपं देऊ केली होती आणि उत्तर लवकर द्यायचं होतं. तिला काही ठरवता येईना. एका शनिवारी तिने टेबलावर सांगून टाकलं,

"उरोश चार बिअर बनवणार आहे. धान्य एकच, यीस्ट एकच, फक्त हॉप वेगळा. त्यातली एक आपल्या गोल्डिंगची. कुठली ते मलाही सांगायचं नाही. टेबलावरच्या एकानेही ती दुसऱ्यांदा मागितली, तर शेत राहील. नाही मागितली, तर या शरदात वेली उपटायच्या."

"बापाचं शेत आमच्या जिभेवर टांगतेस?" ओझ्बेयने विचारलं. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"माझ्या जिभेवर मीच विश्वास ठेवत नाही. मी त्याच वासात वाढले."

उरोश तिचा मावसभाऊ, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा. त्याने काम मन लावून केलं. महिन्याभराने चार बाटल्या चार लोकरी मोज्यांत घालून आणल्या, म्हणजे काच दिसायला नको. लाल, निळा, हिरवा, करडा. आणि इथे एक चूक झाली, जी फक्त असल्या काटेकोर माणसांकडूनच होऊ शकते. एरवी ते सौम्य बिअर आधी घेत आणि उग्र शेवटी. पण तसं केलं तर पहिली बाटली गोल्डिंगची हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून उरोशने अगदी न्यायाने टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. करडा मोजा शेवटी आला.

लाल मोजा पपनसाचा निघाला. निळ्यात आंबा होता, गोड आणि जाड. हिरव्यात राळ, इतकी कडू की ओझ्बेयने डोळे मिटले आणि म्हणाला, "ही! ही बाई आहे लग्न करण्यासारखी!" तिघांनीही ती परत मागितली.

मग करडी बाटली उघडली. मला लगेच कळलं. सुकलेलं गवत, लिंबाची साल, मिरी. माझ्या फळ्यांत मुरलेला वास इतक्या वर्षांनी पुन्हा हवेत आला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

ओझ्बेयने घोट घेतला. "पेले विसळलेलं पाणी." आणि माझ्यात ओतलं.

उरोशने घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. आपणच बनवलेली, तरी त्यालाही तीत काही सापडेना. त्यानेही ओतलं.

पोलोनाने दोनदा वास घेतला, एकदा चाखलं. "काहीच नाही यात," ती म्हणाली. आणि तिने आपला पेला माझ्यावर उपडा केला.

मोजे काढले. बाटल्यांच्या तळाशी उरोशने खुणा केल्या होत्या. करड्याखाली गोल्डिंगची खूण निघाली.

"मीच ओतली," पोलोना शेवटी म्हणाली. "बरं झालं. आता कोणावर ढकलता येणार नाही. सोमवारी रोपवाटिकेला फोन करते."

एवढ्यात बर्नार्दा आली. तीही या टेबलावरचीच, दातांची डॉक्टर. कोणाचा तरी सुजलेला जबडा बघण्यात अडकली होती. "सुरू केलंत ना माझ्याशिवाय? मला काय ठेवलंय?" तिने टेबलावरच्या बाटल्या हलवून पाहिल्या. तीन रिकाम्या होत्या. नावडती तेवढी शिल्लक होती. तिने तीच पेल्यात घेतली, उभ्या उभ्या घोट घेतला, थांबली, मग बसली.

"ही कोणती? ओत रे अजून, उरोश."

सगळ्यांनी एकदम पोलोनाकडे पाहिलं.

"तुला दारातून ऐकू आलं," ओझ्बेय म्हणाला.

"काय ऐकू आलं?"

"पोलोनाची दया येऊन बोलतेस. असं चालत नाही, डॉक्टरीणबाई."

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते, ओझ्बेय. दया तिथेच संपते. बिअर ओत."

पण ओतायला काही नव्हतं. तळाचा गाळ तेवढा राहिला होता. बाकी सगळी माझ्या पोटात, पपनस, आंबा आणि राळेत मिसळलेली. मला आयुष्यात पहिल्यांदा भरलेलं असण्याची लाज वाटली.

उरोश माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे माझ्यात. "थांबा," तो म्हणाला. "हिचं तोंड कोरं होतं. आपल्या जिभा हिरव्या मोज्याने बधिर झाल्या होत्या. आपण बिअर चाखलीच नाही, आपण रांग चाखली."

"तू शिक्षक आहेस. तुला हरणं जमत नाही," ओझ्बेय म्हणाला.

"मग पुढच्या शनिवारी तूच हरव. तळघरात चारही बिअरची एक पेटी शिल्लक आहे."

सोमवारी पोलोनाने रोपवाटिकेला फोन केला नाही. मला कसं कळलं? तो आठवडाभर ती रोज कोठारात येऊन उगाच टेबल पुसत होती, आणि फोन खिशातच होता.

पुढच्या शनिवारी मोजे बदलले. या वेळी उरोशने प्रत्येकाला वेगळा क्रम दिला. कोणाच्या पेल्यात काय आहे ते फक्त त्याला ठाऊक; म्हणून तो स्वतः प्याला नाही. मध्ये साधा पाव, पाणी आणि बराच वेळ थांबणं. बर्नार्दाला गोल्डिंग राळेच्या बाटलीनंतर मिळाली. तिने ती चाखली, तोंड वेडंवाकडं केलं आणि माझ्यात ओतली. पोलोनाला ती शेवटी आली. तिनेही ओतली, दुसऱ्यांदा.

ओझ्बेयला ती सगळ्यात आधी मिळाली होती. त्याने पेला रिकामा केला होता, आणि पुढच्या तिन्ही बाटल्या चाखून झाल्यावर तो बोटाने टेबल वाजवत बसला होता.

"पहिल्यांदा दिलीस ती," तो उरोशला म्हणाला. "आहे का अजून?"

"कशाला?"

"कशाला काय? प्यायला! यांच्यासारखी ती अंगावर धावून येत नाही. घोट गिळल्यावर मागे काहीतरी राहतं तिचं. काय ते कळेना, म्हणून मागतोय."

उरोशने मोजा काढून बाटली उलटी केली आणि खूण दाखवली. ओझ्बेयचा चेहरा मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. कंटाळा आला की तो आठवतो.

"पेले विसळलेलं पाणी!" बर्नार्दा ओरडली, आणि हसता हसता तिने टेबल बडवलं. आदल्या शनिवारचं सगळं तिच्या कानावर घातलं गेलं होतं.

पोलोना मात्र हसली नाही. ती उठून बाटलीजवळ गेली. तोंड पाण्याने धुतलं, पावाचा तुकडा चावला, दाराशी जाऊन उभी राहिली. तिथून मागचं शेत दिसतं. बऱ्याच वेळाने परत आली आणि बोटभर बिअर घेतली. या वेळी ती माझ्याकडे वळली नाही.

"शेत राहील," ती म्हणाली. "उतारा वाढणार नाही, ते मला माहीत आहे. पण मी शब्द दिला होता."

उतारा खरंच वाढला नाही. तुमच्यापासून हे लपवण्यात अर्थ नाही. त्या शेताचा माल अजून निम्माच येतो आणि पोलोना दर शरदात कुरकुरते. उरोश त्याची बिअर बनवतो. ती काहींना आवडते, काहींना नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्हीही रोज काही ना काही ताडून पाहत असता. आंबे, गाणी, मुलांची अक्षरं, माणसं. कोणाला दूर सारण्याआधी त्याच्या आधी तुम्ही काय चाखलं होतं ते आठवा. ज्याचा आवाज लहान आहे त्याला आधी बोलू द्या. आणि क्रम चुकलाच असेल, तर तोंड धुवा, थोडं थांबा आणि पुन्हा एकदा चाखा. माझ्यात ओतलेलं मला परत देता येत नाही.