भुऱ्या आत आला

चिटगुप्प्यात शरणबसवांच्या घरी त्या दिवशी ‘बाहेर’ या शब्दाला बंदी होती. बंदी खुद्द शरणबसवांनी घातली होती. घरात माणसं दोनच, त्यामुळे ती पाळायची सगळी जबाबदारी बायकोवर, म्हणजे नेत्रावतीवर, येऊन पडली होती.

“दुसरं काय बोलायचं ते बोल,” सकाळची लिंगपूजा आटोपून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. “पन भाईर बसा, भाईर ठेवा, असलं कायबी त्यांच्यासमोर तोंडातून काढू नको.”

“मी कामून काढू?”

“सवयीनं जातं.”

सवयीनं जातं हे खरंच होतं, म्हणून नेत्रावती हुग्गीचं पातेलं ढवळत राहिली. गव्हाची ही गोड खीर तिच्या हातची असली की माणसं बोटं चाटतात असा तिचा लौकिक होता. आज त्या लौकिकाचा काही उपयोग होईल का, याची तिला धास्ती होती.

येणारे पाहुणे म्हणजे व्याही-विहीण. शरणबसवांच्या लेकीनं, सौम्यानं, वर्षभरापूर्वी खटकचिंचोळीच्या नागेशशी लग्न केलं. दोघं कलबुर्गीला एकाच कॉलेजात शिकवायला होते. नागेशचं घर बौद्ध, हे घर लिंगायत. शरणबसवांनी आधी आकाशपाताळ एक केलं. बसवजयंतीला मात्र दरवर्षी माईक हातात धरून सगळी माणसं सारखी असं तेच सांगायचे. “भाषण तुमीच केलं व्हतं अप्पा, मी फक्त ऐकलं,” असं लेकीनं तोंडावर सांगितल्यावर त्यांनी विरोध सोडला. लग्नाला ते गेले, कडेच्या खुर्चीवर बसले, जेवून आले.

त्याच दिवशी व्याही बळीराम त्यांच्याशेजारी येऊन बसले होते. “तुमचं घर मला ठाऊक हाय अण्णा,” ते म्हणाले होते. “ल्हानपणी बाबासंगं तूर घेऊन यायचो तुमच्या वडलांकडं. दारातल्या कट्ट्यावर बसायचो. च्या मिळायचा. आमची कपबशी कट्ट्यावरच्या कोनाड्यात असायची. प्यायचं, धुवायचं, परत ठेवायचं.” हे त्यांनी पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. रागही नाही, गाऱ्हाणंही नाही. शेजारी बसलेली नेत्रावती मात्र जेवायची थांबली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा ती कपबशी तिनं त्या कोनाड्यात पाहिली होती. कुणाची म्हणून विचारलंही नव्हतं. आता कोनाड्यात विजेचा मीटर होता. कट्टा तोच होता.

त्यानंतर वर्षभर येणं-जाणं झालं नाही. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत सौम्या सासरी होती. नागेश पेपर तपासायला कलबुर्गीला राहिला, म्हणून तीच सासू-सासऱ्यांना घेऊन पहिल्यांदाच माहेरी येत होती. आजचा दिवस नीट पार पडला तर दोन घरं जोडली जाणार होती. एखादा शब्द वाकडा गेला, तर लेक आयुष्यभर दोन्हीकडच्या लोकांना सांभाळत बसणार होती. नेत्रावतीला एवढंच कळत होतं, आणि ते पुरेसं होतं.

एक गोष्ट तिनं नवऱ्यापासूनही लपवली होती. सकाळी समोरच्या मल्लम्मांनी हुग्गीच्या वासानं गल्लीतून हाक मारली होती, “एवढं काय शिजायलंय? कोन येयलंय?” आणि नेत्रावती पटकन म्हणाली होती, “गावाकडचे पाव्हणे हायेत.” मग तिनं दार पुढं ओढून घेतलं. धूळ येते म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. वैशाखाचं ऊन होतं, आणि वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं.

जीप दारात थांबली. शरणबसव लगबगीनं बाहेर गेले. गेले आठ दिवस त्यांनी मनात घोकलं होतं, तसं हात जोडून म्हणाले, “जय भीम.” नेमकं त्याच क्षणी बळीराम लिंगायतांच्या रीतीनं म्हणाले, “शरणु शरणार्थी.” त्यांनीही बहुधा वाटेत घोकलं असावं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि सौम्या खो खो हसली. सुरुवात बरी झाली म्हणून नेत्रावतीनं सुस्कारा सोडला, तोच जीपमधून एक भलंथोरलं तांबूस कुत्रं उडी मारून खाली आलं.

“ह्यो भुऱ्या,” विहीणबाई, भागाबाई, ओशाळून म्हणाल्या. “सौम्या गाडीत बसली तसा मागं पळायला लागला. सडकंपतूर आला. एखाद्या ट्रकखाली यायचा म्हनून घेतला बगा. तिच्याबिगर आताशा जेवत न्हाई त्यो.”

सौम्यानं ओढणी सोडून त्याच्या गळ्यात अडकवली. “अव्वा, ह्याला हितं कट्ट्याच्या कडीला बांधते.”

माहेरची रीत तिला पाठ होती. या घरात मांजरसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण नेत्रावतीनं कट्ट्याकडे पाहिलं. कट्ट्याजवळ उभे असलेले बळीराम दिसले, कोनाडा दिसला, आणि तिचं डोकं चालेनासं झालं.

“न्हाई न्हाई,” ती म्हणाली. “तितं कामून? आत येऊ दे की त्याला. आपलंच घर हाय.”

शरणबसवांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिनं देवघरात चप्पल घालून जा म्हटलं होतं. सौम्यानं तर आईच्या कपाळाला हातच लावून बघितला असता. पण शब्द निघून गेला होता. भागाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं खाली पाहिलं. पाय धुवायला दारात ठेवलेल्या बादलीत भुऱ्यानं आधी तोंड घातलं, मग दोन्ही पाय, आणि ओल्या पायांनी तो थाटात घरात शिरला.

पुढचा सगळा वेळ म्हणजे नेत्रावतीच्या सोशिकपणाची परीक्षाच होती. भुऱ्या वाईट नव्हता. तो कुणावर भुंकला नाही, कशाचा चावा घेतला नाही. पण पहिल्यांदा घर बघायला आलेल्या माणसासारखा तो सगळीकडे फिरला. पुढच्या खोलीत अंग झाडलं, तेव्हा धुतलेल्या चादरीवर शिंतोडे उडाले. मधल्या खोलीत धान्याच्या पोत्यांचा वास घेतला. शेवटी त्याला देवघराच्या कोपऱ्यात शरणबसवांचं पूजेचं आसन सापडलं. तिथली फरशी गार होती. त्यानं आसनावर तीन गिरक्या घेतल्या आणि अंग टाकून दिलं.

मधल्या खोलीत पानं वाढली होती. शरणबसव पाटावरून उठले, पुन्हा बसले. संध्याकाळची पूजा त्यांना त्याच आसनावर करायची होती. “गरम हाय बिचाऱ्याला,” असं ते कसंबसं म्हणाले. त्यांच्या आवाजावरून गरम कुणाला होतंय ते कळत होतं.

भागाबाई पानावर आखडून बसल्या होत्या. भाकरीचा तुकडा मोडायच्या, भरल्या वांग्याला लावायच्या आणि हातातच धरून ठेवायच्या. नजर सारखी त्या कुत्र्याकडे. “घ्या की अक्का,” नेत्रावती म्हणे, आणि त्या “घेयलेय की” म्हणून पुन्हा आखडत. बळीराम तूर, भाव, नागेशचे तपासायचे पेपर असं काहीबाही बोलत होते, पण बोलणं दोन वाक्यांत विझत होतं. नेत्रावतीला वाटलं, झालं, यांना काहीतरी खटकलं. आपण कुत्र्याला आत घेतलं तेही खोटंच वाटलं असेल. माणसाला दाखवायला केलेला मोठेपणा लपत नाही. तिला रडू यायला लागलं होतं, म्हणून ती हुग्गी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली.

तिच्या आधी तिथं भुऱ्या पोचला होता. पातेल्यावरचं ताट त्यानं नाकानं बाजूला सारलं होतं आणि त्याची लांब जीभ आता पहाटेपासून आटवलेल्या हुग्गीकडे निघाली होती.

“ए, भाईर हो,” नेत्रावती खणखणीत आवाजात म्हणाली. “चल, आधी घराच्या भाईर हो.”

भुऱ्या शेपूट पायात घालून तडक निघाला. मधल्या खोलीतून, पानांजवळून, पुढच्या खोलीतून. त्याच्या मागं तो शब्दही साऱ्या घरातून गेला. जेवणाऱ्यांचे हात थांबले. शरणबसवांनी डोळे मिटून घेतले. नेत्रावती पळी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तिला वाटलं, वर्षभराचं सगळं आपण एका दमात धुळीला मिळवलं.

“अक्का, मला तसं म्हनायचं नव्हतं,” ती म्हणाली. “हुग्गीत तोंड घालायला म्हनून... दुसरं कायबी मनात न्हाई वो माझ्या.”

भागाबाईंनी हातातला घास पानात ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

“बरं झालं बाई एकदाचं म्हनलात,” त्या म्हणाल्या. “मी कवाची वाट बघायले. माज्या घरात ह्यानं आजवर उंबरा वलांडला न्हाई. वलांडला तर लाटणं हानते मी. तुमी दारातच आत येऊ दे म्हनलात. मला वाटलं, ह्या घरची रीतच असंल. न्हाई म्हनावं तर तुमाला वाटायचं, ह्यास्नी आमचं आत बोलावनं आवडंना. मग बसले जीव मुठीत धरून. त्यो तितं पूजेच्या जाग्यावर झोपला तवा तर तुमचंच लाटणं मागावं वाटलं.”

“मग सांगायचं की,” शरणबसव डोळे उघडून म्हणाले.

“कसं सांगावं? घर तुमचं.”

“आनि मी कसं सांगू?” नेत्रावती म्हणाली. “पाव्हणे तुमी. त्यात तो कट्टा...”

बळीरामांनी पाण्याचा घोट घेतला, भांडं खाली ठेवलं.

“ताई,” ते म्हणाले, “कुत्र्याला भाईर म्हनलं, तर ते कुत्र्यालाच म्हनलं. मानसाला म्हनायचे तवाबी आमाला कळत व्हतं. दोन्हीतला फरक आमाला कुनी शिकवायला नगं. तुमी त्याच्यापायी घाबरून बसू नका.” मग किंचित हसून म्हणाले, “हुग्गी वाढा. त्यानं उष्टी केली न्हाई न्हवं?”

हुग्गी वाढली. भागाबाईंनी मागून घेतली, आणि नेत्रावतीला आपल्या पानाशेजारी बसवून घेतलं. दोघी मग सौम्याच्या खोडी सांगायला लागल्या. ही खोड माहेरची की सासरची, यावर त्यांचा थोडा वादही झाला. नेत्रावतीच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आता तिला भूक लागली.

पण भुऱ्याचं समाधान झालं नव्हतं. कट्ट्याच्या कडीला बांधल्यावर तो जो कुईकुई करायला लागला, तो थांबेचना. सौम्या त्याचं भाकरी-दूध घेऊन बाहेर गेली आणि कट्ट्यावर बसली, तेव्हा त्यानं तोंड लावलं. तिला एकटीला उन्हात कशाला बसवायचं म्हणून भागाबाई गेल्या. तसं ऊन उतरलं होतं, कट्ट्यावर निंबाची सावली आली होती. मग बळीराम उठले. उंबऱ्यात ते जरा थांबले. कट्ट्याकडे पाहिलं, कोनाड्यातल्या मीटरकडे पाहिलं. ते गेले आणि कट्ट्याच्या मधोमध पाय हलवत बसले. शरणबसव पानसुपारीचं ताट घेऊन त्यांच्यामागं गेले आणि खांद्याला खांदा लागेल असे बसले.

स्वयंपाकघरात नेत्रावती चहा गाळत होती. घर रिकामं झालं होतं, आणि सकाळी ओढून घेतलेलं दार आता सताड उघडं होतं. आत पंख्याखाली बसलेले पाहुणे फक्त घराला दिसतात. कट्ट्यावर बसलेले सगळ्या गल्लीला दिसतात. तिला सकाळचं आपलं उत्तर आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. कुत्र्याला आत घेण्याचा एवढा आटापिटा केला, आणि माणसांना घरात लपवलं होतं. तिनं कपाटातले पाहुण्यांचे कप काढले, पाच एकसारखे, आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.

चहा देईपर्यंत समोरच्या मल्लम्मा आपल्या दारात आल्याच होत्या. “नेत्रा,” त्या म्हणाल्या, “पाव्हणे कुटले म्हनायचे?”

शरणबसवांचा कप ओठांशी थांबला. सौम्या आईकडे बघत होती.

“आमच्या सौम्याचे सासू-सासरे,” नेत्रावती म्हणाली. “खटकचिंचोळीचे. सकाळी मी तुमाला नीट सांगितलं न्हाई.” असं म्हणून ती भागाबाईंशेजारी बसली आणि आपला कप उचलला.

मल्लम्मांनी सगळ्यांना एकेक करून न्याहाळलं. कपांकडे पाहिलं. पदर सारखा केला. आत जाव्यात तशा अर्ध्या वळल्या, पण गेल्या नाहीत.

“ते कुत्रं चावतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई चावत,” नेत्रावतीच्या आधी भागाबाई म्हणाल्या. “या तुमी. बसा हितं.” आणि त्या कट्ट्यावर थोड्या सरकल्या, मल्लम्मांपुरती जागा केली.

मल्लम्मांनी पायात चपला सरकवल्या. नेत्रावती आणखी एक कप आणायला आत गेली.