येऊन राह्यलो

डोमा दिघोरे फौजेतून निवृत्त होऊन गावी परतला, त्याला नऊ वर्षं झाली होती. कुरखेड्यापासून आठ किलोमीटरवर त्याचं गाव. तिथल्या तलावावर ढिवरांची मच्छीमार सोसायटी होती आणि डोमा तिचा अध्यक्ष होता. तो आफ्रिकेत शांतिसेनेत वर्षभर होता आणि तिथून पदक घेऊन आला, एवढं गावाला ठाऊक होतं. त्याहून जास्त त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मार्च महिन्यात माजी सैनिकांच्या कार्यालयातून त्याच्या नावाचं एक इंग्रजी पत्र आलं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने, आचलने, ते अंगणात उभ्या उभ्या वाचलं.

"बाबा, हे तं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं हाय. नेदरलँडमधून. तुमाले साक्षीले बलावून राह्यले."

पत्रात लिहिलं होतं की एका सशस्त्र टोळीच्या म्होरक्यावर खटला चालू आहे. तेरा वर्षांपूर्वी त्याच्या माणसांनी एका गावात त्रेसष्ट माणसं मारली. त्या दिवशी आपण तीनशे किलोमीटर दूर होतो, असं तो म्हणतो. शांतिसेनेच्या ठाण्याची नोंदवही हरवली आहे. त्या दिवशी फाटकावर तुमची ड्यूटी होती, तुम्हाला काही आठवतं का?

डोमाला आठवायची गरजच नव्हती. तो बाजेवर बसला आणि बायकोला, गोकुळाला, हाक मारून जवळ बसवलं. मग दोघींना त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

त्या दिवशी अकरा चाळीसला पाच गाड्या फाटकाजवळ थांबल्या. पहिल्या गाडीत तो म्होरक्या होता. त्याने पाणी मागितलं आणि डोमाने आपल्या हाताने दिलं. गाड्या पुढच्या गावाच्या रस्त्याला लागल्या. वेळ आणि गाड्यांचे नंबर डोमाने नोंदवहीत लिहिले आणि सवयीने खिशातल्या डायरीतही उतरवले.

त्या गावात फुराहा नावाची एक बाई राहायची. ती आठवड्यातून तीनदा फाटकावर सुकी मासळी विकायला येई. डोमा ढिवराचा पोर, त्यामुळे जाळ्याच्या गाठींवरून दोघांची ओळख झाली. ती त्याच्याकडून दहा-बारा हिंदी शब्द शिकली होती. संकटात ठाण्याला कळवता यावं म्हणून गावाला एक फोन दिला होता, तो तिच्याच ताब्यात असे. दुपारी दोनला त्या फोनवरून तिने ठाण्याला फोन केला. डोमाने उचलला आणि धावत साहेबांना सांगितलं. साहेबांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की उद्या चिलखती गाड्या येतील, तोवर ठाणं सोडू नका.

"आमी पंचेचाळीस जण होतो," डोमा म्हणाला. "हातात बंदुका. सहा किलोमीटरवरून संध्याकाळपावतर आवाज आयकत बसलो. दुसऱ्या दिवशी गेलो ते पुरायलेच. फुराहाले मी पुरलं."

 आचलने पत्राची घडी घातली.

डोमाने त्याच ठाण्यावरच्या जुन्या साथीदाराला, धानोऱ्याच्या बिरजूला, फोन लावला. बिरजू उखडलाच.

"डोमाभाऊ, वेडे झाले का? त्या हरामखोराले सजा होवो, मले खुशीच हाय. पण त्याचा वकील पयले तुमालेच विचारन का तुमी काय करून राह्यले होते. साऱ्या पलटणीचं नाव खराब होईन."

"आपल्याले हुकूम नोता, बिरजू."

"तेच तं! मंग कायले जाता?"

तीन दिवस डोमाने पत्राचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी तलावाच्या पाळीवर तो जाळं सुकवत असताना गोकुळा त्याच्याजवळ येऊन बसली.

"सुकलूले नेलं तवा बाजारात दोनशे माणूस होतं," ती म्हणाली.

सुकलू तिचा धाकटा भाऊ. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून जंगलातल्या बंदूकवाल्यांनी त्याला भर बाजारातून उचलून नेलं होतं. दोन दिवसांनी तो रस्त्यावर सापडला, मेलेला.

"पोलिसायनं विचारलं तं कोणीच काई पाह्यलं नोतं. मी त्या लोकायले दोष देत नाई. त्यायले इथीच राहाचं होतं, भेव होता. तुमाले कोणाचा भेव हाय?"

डोमा बराच वेळ जाळ्यातला कचरा काढत राहिला.

"माहाच," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा नाई."

"मंग जा."

जूनमध्ये नागपुरात एका खोलीत त्याची साक्ष झाली. समोर मोठा पडदा आणि पडद्यावर नेदरलँडमधलं न्यायालय. मधे एक दुभाषी बाई होती, मूळची पुण्याची. तिचं मराठी स्वच्छ आणि हळुवार होतं. सुटाबुटातला, चष्मा लावलेला एक म्हातारा दाखवला, तेव्हा डोमाने त्याला लगेच ओळखलं. डायरीतलं पान कॅमेऱ्यापुढे धरलं. म्होरक्याच्या वकिलाने तासभर खोदून खोदून विचारलं, पण वेळ आणि गाड्यांचे नंबर जागचे हलले नाहीत.

शेवटी मृतांच्या नातेवाइकांची वकील उभी राहिली. तिच्या मागे काळ्या पोशाखात एक बाई बसली होती. ती फुराहाची बहीण, असं सांगितलं गेलं. त्या वकील बाईचा प्रश्न दुभाषीने मराठीत विचारला, "फोनवर ती काय म्हणाली? आणि आपण काय उत्तर दिलंत?"

डोमाने पडद्याकडे बघून सांगितलं.

"ते म्हणे, भैया, जल्दी आओ. लेकरं हायत. मी म्हटलं, आमी येऊन राह्यलो."

दुभाषीने इंग्रजीत भाषांतर केलं. न्यायाधीशांनी मान वर केली, काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, "म्हणजे आपण त्याच दिवशी तिथे येऊन राहिला होतात? मुक्कामाला?"

काय घोटाळा झाला ते डोमाच्या लगेच लक्षात आलं. पुण्याच्या कानाला त्याच्या बोलीचा उलटा अर्थ लागला होता. 'हो' म्हटलं असतं, तरी निदान त्या क्षणी त्याला कोणी अडवलं नसतं. पडद्यावर सगळे थांबले होते. काळ्या पोशाखातली बाई सरळ त्याच्याकडे बघत होती.

"नाई बाई," तो म्हणाला. "आमच्याकडे तसा अर्थ होत नाई. येऊन राह्यलो म्हणजे येत आहोत. निघालो आहोत. मी तिले सांगतलं का आमी येत आहोत. आणि आमी गेलो नाई."

 दुभाषीने ते अगदी सावकाश इंग्रजीत सांगितलं.

सव्वा वर्षाने निकाल लागला. म्होरक्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्र आचलने मोबाईलवर उघडलं. ठाण्याबद्दल त्यात दोनच वाक्यं होती: ठाण्याला वेळेवर कळवलं होतं, मदत गेली नाही. कोणा साहेबाचं नाव नव्हतं, कोणावर ठपका नव्हता.

"बस, एवढंच?" डोमाने विचारलं.

"एवढंच, बाबा. खटला त्या माणसावर होता."

बिरजूला त्याने फोनवर ती दोन वाक्यं सांगितली. पलटण वाचली म्हणून बिरजू खूश होईल असं त्याला वाटलं होतं. बिरजू नुसता "हौ" म्हणाला आणि फोन ठेवला.

महिन्याभराने नातेवाइकांच्या वकिलामार्फत फुराहाच्या बहिणीचं पत्र आलं. आचल एकेक ओळ मराठीत सांगत गेली. फोन फुराहाकडे होता आणि मदत आली नाही. त्यामुळे तिने फोन केलाच नाही, ती टोळीला विकली गेली होती, असं हल्ल्यातून वाचलेल्या लोकांनी धरून ठेवलं होतं. तेरा वर्षं फुराहाच्या आईशी कोणी बोललं नाही. विहिरीवर तिला पाणी भरू दिलं नाही. साक्ष रेडिओवरून गावात ऐकवली, त्यानंतर शेजारणी घरी आल्या. आई अजून जिवंत आहे, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

आचल थांबली.

"वाच ना," डोमा म्हणाला.

"शेवटी लिवलं हाय का, मी तुमाले माफ केलं असं लिहीत नाई. तुमी खरं सांगितलं, एवढंच लिहिते."

डोमाने पत्र हातात घेतलं. त्याला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीवरून त्याने बोट फिरवलं.

"बराबर लिवलं तिनं," तो म्हणाला आणि आचलला कागद-पेन आणायला सांगितलं. उत्तरात काय लिहायचं ते त्याला अजून सुचलं नव्हतं. पण फुराहाला गावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या झाडाखाली पुरलं, हे तिच्या आईला कोणी सांगितलं नसेल, असं वाटून त्याने तिथूनच सुरुवात केली.